दूरचित्रवाणीचा पडदा आणि संगणकाचें अक्षर

पूर्वीं पाणी पिण्याच्या तांब्यांतच निखारे घालून सदऱ्यास इस्त्री केली जाई. एका वस्तूकडून दोन कामें करून घेणें हा काटकसरीच्या संसाराचा जुना बाणा आहे, आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. मात्र तांब्यांत निखारे किती घालावे, तो कशानें धरावा आणि कोणत्या कापडावर फिरवूं नये, हें ठाऊक असावें लागे. नाहीं तर सदराही जळे आणि हातही पोळे. आज सुशिक्षित घरांतून असाच एक प्रश्न उभा राहिला आहे. भिंतीवर दूरचित्रवाणीचा मोठा संच असतो, आणि त्याचा पडदा आतां फार बारीक विणीचा झालेला असतो. मग संगणकासाठीं निराळा मॉनिटर विकत कां घ्यावा? टीव्हीलाच केबल जोडून काम कां भागवूं नये?

नगर–मनमाड रस्त्यावरील राहुरी हें तालुक्याचें गांव घ्यावें. मुळा धरणाच्या पाण्यावरील उसाची शेती आणि १९६८ सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठ यांसाठीं तें महाराष्ट्रास परिचित आहे. तेथील एखादें मध्यम स्थितींतलें घर मनांत आणावें. वडील शेती पाहतात, मुलगी कृषिविद्येचा अभ्यास करते, आजोबांनीं सत्तरी ओलांडली आहे. मुलीजवळ चौदा इंची पडद्याचा लहान संगणक आहे. पिकांच्या प्रयोगांचे आंकडे, जमिनीचे नकाशे आणि लिहावयाचा प्रबंध हीं तिन्ही त्या वीतभर पडद्यावर एका वेळीं मावत नाहींत. वडिलांना सातबाऱ्याचा उतारा पाहावयाचा असतो. त्याचे रकाने आडवे आणि अक्षर बारीक. आजोबांना तर त्या पडद्यावरचें कांहींच वाचतां येत नाहीं. आणि समोर भिंतीवर त्रेचाळीस इंचांचा पडदा बहुतेक वेळ काळा पडून असतो. अशा घरांत हा प्रश्न वरवर दुकानदारीचा वाटला, तरी त्यांत पैसा, डोळे आणि घरांतील माणसांचे परस्परांवरील हक्क अशा तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, ही कल्पना नवी नाहीं. घरगुती संगणक वाढला तोच मुळीं दूरचित्रवाणीच्या आश्रयानें. १९७७ सालीं अमेरिकेंत निघालेला ॲपल टू आणि १९८२ सालीं इंग्लंडांत निघालेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम हे संगणक घरच्या टीव्हीस जोडतां यावे, अशीच त्यांची योजना होती. स्पेक्ट्रमची परवान्यानें बनविलेली आवृत्ति डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें १९८५ नंतरच्या वर्षांत आपल्या देशांतही विकली. १९८४–८५ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणक-साक्षरतेची योजना आरंभिली, तेव्हां सुमारें अडीचशें शाळांत जो बीबीसी मायक्रो नांवाचा संगणक आला, त्यासही टीव्हीस जोडण्याची सोय होती.

मग ही सोयरीक मोडली कां? थोडक्यांत उत्तर द्यावयाचें तर, अक्षरामुळें. मुंबईस दूरदर्शनचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें आपल्याकडील चित्र ६२५ आडव्या रेषांचें असे. त्यांतील सुमारें ५७५ रेषाच प्रत्यक्ष चित्राच्या वांट्यास येत, आणि त्याही एका दमांत नव्हे. आधीं एका आड एक अशा निम्म्या रेषा आणि मग उरलेल्या निम्म्या, असें सेकंदांत पंचवीस वेळां पुरें चित्र रेखाटलें जाई. गायकाचा चेहरा किंवा क्रिकेटचें मैदान पाहण्यास एवढें पुरे होतें. हलत्या चित्रांतील उणीव डोळा आपल्या पदरचें घालून भरून काढतो. अक्षर मात्र जागच्या जागीं उभें असतें. त्याची एक रेघ पुसट झाली तर वाचक अडखळतो. म्हणून ॲपल टू एका ओळींत चाळीसच अक्षरें दाखवी, आणि स्पेक्ट्रम तर बत्तीसच. टंकलेखनाच्या पानावर ऐंशी अक्षरांची ओळ मावते. तेवढी ओळ त्या काळच्या टीव्हीवर सुखानें वाचतां येत नसे. कचेरीच्या कामासाठीं निराळा मॉनिटर आला तो याच अडचणीपोटीं.

ती अडचण आतां मुळांतच नाहींशी झाली आहे. ज्यास फोर-के म्हणतात, त्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल, म्हणजे प्रकाशाचे बिंदु, असतात. त्यांची एकूण संख्या ८२,९४,४०० भरते. त्रेचाळीस इंची पडद्याची रुंदी सुमारें ९५ सेंटिमीटर. तिला ३८४० नें भागिलें असतां एक बिंदु पाव मिलिमीटरचा येतो. कचेऱ्यांतून सर्रास दिसणारा चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर घेतला तर त्याचा बिंदु ०.२८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे घरच्या टीव्हीची वीण कचेरीच्या मॉनिटरपेक्षां किंचित् अधिकच बारीक झाली. दुसऱ्या रीतीनें सांगावयाचें तर, साडेएकवीस इंचांचे चार फुल एचडी मॉनिटर दोहोंवर दोन असे बिनफटीचे चिकटविले, तर जो पडदा तयार होईल तोच हा. एका कोपऱ्यांत नकाशा, दुसऱ्यांत आंकड्यांचा तक्ता आणि उरलेल्या अर्ध्या भागांत प्रबंधाचें पान, असें त्या विद्यार्थिनीस मांडतां येतें, आणि कोणतेंही पान कोणत्याही पानाखालीं झांकलें जात नाहीं.

परंतु प्रत्येक टीव्ही या तोलाचा नसतो. पुष्कळ घरांतून अद्यापि बत्तीस इंची, १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा संच असतो. त्याचा एक बिंदु अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा, म्हणजे वर सांगितलेल्याच्या दुप्पट. त्यावर चित्रपट उत्तम दिसतो. लेखनाचें काम मात्र दोनप्रहरच्या सावलीसारखें आंखूड होऊन बसतें. तेव्हां केबल आणण्यापूर्वीं संचाच्या माहितीपत्रकांतील पिक्सेलची संख्या वाचावी. किती इंची, हें त्यानंतर पाहावें.

आतां बैठकीचें अंतर. निरोगी डोळ्यास एकमेकांजवळचे दोन बिंदु निराळे दिसण्यासाठीं त्यांच्यामध्यें डोळ्यापाशीं निदान एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन व्हावा लागतो, असें ढोबळ मानानें धरितात. यावरून सोपा हिशेब निघतो: बिंदूच्या मापास ३४०० नें गुणावें, म्हणजे ज्या अंतरापासून बिंदु वेगळे दिसेनासे होतात तें अंतर मिळतें. पाव मिलिमीटरच्या बिंदूस तें ८५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेतीन फूट येतें. पंचावन्न इंची फोर-के पडद्याचा बिंदु ०.३२ मिलिमीटरचा, त्यास साडेतीन फुटांहून थोडें अधिक अंतर लागतें. बत्तीस इंची जुन्या संचास तर पावणेदोन मीटर लागतात, आणि तेवढ्या लांबून लिहिणाऱ्यास अक्षर बरेंच मोठें करून घ्यावें लागतें.

या हिशेबांतून एक मौजेची गोष्ट हातीं लागते. दोन्ही फोर-के पडदे आपापल्या योग्य अंतरावर ठेविले, तर डोळ्यासमोर ते सारखीच जागा व्यापतात. दोहोंचा कोन सुमारें अठ्ठावन्न अंशच भरतो. पंचावन्न इंचांसाठीं अधिक पैसे मोजणाऱ्यास वाचावयास एकही ओळ अधिक मिळत नाहीं. मिळतें तें केवळ थोडें दूर बसणें. मेजाची खोली दोन-अडीच फूट असावयाची, तेव्हां मेजावर ठेवून काम करण्यास त्रेचाळीस इंची संचच बरा. त्याहून मोठा असेल तर तो भिंतीवर असावा आणि मेज भिंतीपासून सोडून मांडावें.

दूर बसण्याचा लाभ खरा कोणास होतो, तर आजोबांस. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचिकता उणावत जाते आणि जवळची वस्तु स्पष्ट दिसेनाशी होते. एक मीटरवरची वस्तु पाहण्यास डोळ्यास जे श्रम पडतात, त्यांच्या अडीचपट श्रम चाळीस सेंटिमीटरवरची वस्तु पाहण्यास पडतात. म्हणून मोठें अक्षर थोड्या अंतरावर असणें वृद्धांस मानवतें. मात्र पोथी वाचण्याचा चष्मा या अंतरास जुळत नाहीं. तो लावून पडदा पाहूं गेल्यास सारें धूसर दिसतें आणि दोष टीव्हीच्या माथीं बसतो. अंतर मोजून नेत्रवैद्यास सांगावें आणि त्या अंतराचा चष्मा करून घ्यावा, हें उत्तम.

येथवर झालें तें बिंदूंचें गणित. पण मराठी घराची खरी परीक्षा देवनागरींत आहे. रोमन अक्षर बहुतांशीं एकमजली. आपलें अक्षर तीन मजल्यांचें. मधल्या मजल्यावर अक्षराचें अंग, शिरोरेखेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, आणि तळघरांत उकार व ऋकार. जोडाक्षर आलें कीं मधल्या मजल्यांत आणखी भाडेकरू. एवढा संसार संगणकाच्या चिमुकल्या चौकटींत बसविण्यासाठीं पुष्कळ विद्वानांनीं आयुष्य वेंचिलें आहे. कानपूरच्या आयआयटींत आरंभ झालेलें जिस्ट तंत्र पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचें राष्ट्रीय प्रमाण ठरलें. आणि अक्षरकलेचे आचार्य र. कृ. जोशी यांनीं विंडोज प्रणालीसाठीं मंगल नांवाचा देवनागरी अक्षरसांचा रचला. त्या सर्वांची मेहनत शेवटीं पडद्याच्या बिंदूवर येऊन ठेपते. बिंदु फुटला कीं अनुस्वार बुडाला.

आणि अनुस्वार बुडणें ही केवळ शुद्धलेखनाची हानि नव्हे. सातबाऱ्यावरील १ आणि ९ हे आंकडे पुसट पडद्यावर एकमेकांची सोंगें घेतात. गटाचा क्रमांक किंवा क्षेत्राचा आंकडा चुकीचा वाचून अर्जांत उतरविला, तर तो निस्तरतांना शेतकऱ्याचे किती हेलपाटे होतात, हें तालुक्याच्या गांवीं कोणास सांगावयास नको. म्हणून संच जोडल्यावर प्रथम एक ओळ टंकित करून पाहावी: कर्तृत्व, ऱ्हास, द्वंद्व, कृष्ण, ज्ञान, घन व धन, भर व मर, १ आणि ९. ही ओळ नेहमीच्या बैठकीवरून, अक्षर न वाढवितां, न अडखळतां वाचतां आली, तर पडदा कामाचा. अडखळल्यास पडद्यास लगेच दोष देऊं नये. दोष बहुधा मांडणींत असतो.

मांडणींतले दोष मुख्यतः चार. पहिला, कडा छाटल्या जाण्याचा. जुन्या कांचनळीच्या संचांत चित्राच्या कडा वेड्यावांकड्या येत, म्हणून त्या चौकटीमागें लपविण्याची वहिवाट होती. कांचनळी गेली, पण वहिवाट अद्यापि अनेक संचांत उरली आहे. संगणक जोडल्यावर खालची पट्टी अर्धी नाहींशी झाली, तर संचाच्या मांडणींत चित्र आहे त्या मापानें दाखविण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. छाटलेलें चित्र ताणून पडद्यावर बसविलें गेल्यामुळें अक्षर कधींच धारदार येत नाहीं. हा एक पर्याय बदलतांच निम्मी तक्रार मिटते.

दुसरा दोष रंगांच्या काटकसरीचा. चित्रपट पाठवितांना प्रत्येक बिंदूचा उजेड निरनिराळा पाठवितात, परंतु रंग मात्र चार बिंदूंच्या चौकडीस मिळून एकच. मानवी डोळा उजेडाच्या बाबतींत चोखंदळ आणि रंगाच्या बाबतींत सैल असल्यामुळें चित्रांत ही काटकसर उमगत नाहीं. निळ्या पार्श्वभूमीवर तांबडें अक्षर लिहिलें कीं मात्र ती उघडी पडते. अक्षराच्या कडेस रंग पाझरल्यासारखा दिसतो. यावर उपाय असा कीं, ज्या खोबणींत केबल घातली तिला संचाच्या यादींत पीसी हें नांव द्यावें. कांहीं संचांत एवढ्यानेंच प्रत्येक बिंदूस स्वतःचा रंग मिळतो. कांहींत त्या खोबणीची वाढीव क्षमता वेगळी चालू करावी लागते.

तिसरा दोष वेगाचा. एचडीएमआय या जोडणीची १९०० नव्हे, २००९ सालची १.४ ही आवृत्ति फोर-के चित्र सेकंदांत तीसच वेळां नेऊं शके. २०१३ सालच्या २.० आवृत्तीपासून तें साठ वेळां नेतां येऊं लागलें. तीस वेळांच्या जोडणीवर माउसचा बाण हात पुढें गेल्यावर मागाहून येतो आणि लिहिणारा कंटाळतो. संगणकाची खोबण, केबल आणि टीव्हीची खोबण या तिघांपैकीं जो दुबळा, त्याचाच वेग सर्वांस लागू होतो. बैलगाडीस एक बैल तरणा जुंपून उपयोग नसतो. शिवाय टीव्ही चित्र सुशोभित करण्यांत कांहीं क्षण घालवितो. गेम मोड निवडल्यास तो हें प्रसाधन बहुतांशीं सोडतो, आणि बाण हाताबरोबर चालूं लागतो.

चौथा दोष अतिउत्साहाचा. दुकानांत गिऱ्हाइकाची नजर वेधावी म्हणून कित्येक संच डोळे दिपविणाऱ्या तेजावर ठेविलेले असतात, आणि घरीं आल्यावरही कोणी ते उतरवीत नाहीं. पांढऱ्या पानासमोर चार तास बसणाऱ्यास तो उजेड कंदिलाच्या कांचेत डोकावून पाहिल्यासारखा होतो. शेजारीं छापील पुस्तक उघडून ठेवावें आणि पडद्याचें पान त्या कागदाइतकेंच उजळ होईपर्यंत तेज उतरवावें. शार्पनेस नांवाची जी कळ असते, ती अक्षराभोंवतीं पांढरट कड काढते. तीही अगदीं खालीं आणावी. ओएलईडी जातीच्या पडद्यास आणखी एक पथ्य आहे. एकच स्थिर चित्र दिवसानुदिवस राहिलें तर त्याचा ठसा कायमचा उमटण्याची भीति असते. तेथें खालची पट्टी आपोआप लपेल असें करावें आणि उठतांना पडदा बंद करावा.

उंचीचाही विचार आवश्यक आहे. आपल्या घरांतून टीव्ही बहुधा कपाटाच्या वर, मुलांचा हात पोंचणार नाहीं असा टांगलेला असतो. मान वर करून अर्धा तास मालिका पाहणें वेगळें आणि तीन तास प्रबंध लिहिणें वेगळें. त्रेचाळीस इंची पडद्याची उंची सुमारें ५४ सेंटिमीटर असते. बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेवर त्याची वरची कड यावी, त्याहून वर नव्हे. वारंवार लागणारें पान पडद्याच्या मध्यभागीं घ्यावें आणि क्वचित् लागणारें कडेस ठेवावें, म्हणजे मानेस हेलकावे बसत नाहींत. खिडकी पाठीमागें नसावी, हें तर आरशाचा अनुभव असलेल्या कोणासही सांगावयास नको.

येथवरच्या अडचणी कळ दाबून किंवा खिळा ठोकून सुटणाऱ्या आहेत. शेवटची अडचण मात्र तशी नाहीं. टीव्ही हा घरांतील सर्वांचा, आणि संगणक हा एका वेळीं एकाचा. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही पाठांची मालिका लागूं लागली आणि घरचा टीव्ही हीच मुलांची शाळा झाली. परंतु पाठाची वेळ ठरलेली असे, आणि ती संपली कीं पडदा पुन्हां घराचा होई. अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीचें तसें नसतें. तिला पडदा हवा असतो तो नेमका संध्याकाळीं, जेव्हां आजोबांना बातम्या आणि आईला मालिका हवी असते. मग एक तर घर मुकाट्यानें भिंतीकडे पाहत बसतें, किंवा मुलगी पुन्हां चौदा इंचांवर डोळे ताणते. आणि बहुतेक घरांत माघार कोण घेतें, हें सांगावयास नको. ज्या मुलीचा अभ्यास "नंतर कर" या दोन शब्दांवर पुढें ढकलतां येतो, तिच्यासाठीं उत्तम पडदा असून नसल्यासारखाच.

दुसरें असें कीं, मोठा पडदा गुपित राखीत नाहीं. बँकेचें खातें, मैत्रिणीचें पत्र, परीक्षेचा निकाल हीं सारीं हातभर अक्षरांत बैठकीच्या खोलीसमोर उभीं राहतात, आणि त्या वेळीं दारांत शेजारी उभा नसेलच असें नाहीं. खाजगी कामें लहान पडद्यावरच करावीं. बाहेरचा पडदा जोडलेला असतांनाही संगणकावर तशी विभागणी करतां येते. राहुरीच्या बाजूस वीज मधूनच गेली तर टीव्ही तत्काळ काळा पडतो, पण लहान संगणक आपल्या बॅटरीवर चालूं राहतो. तेव्हां लिहिलेलें काम वरचेवर जतन करण्याची संवय मोडूं देऊं नये.

मग निर्णय काय करावा? संच फोर-के असेल, वर सांगितलेली अक्षरांची परीक्षा तो उतरत असेल आणि घरांत पाहण्याचें दुसरें साधन असेल, तर निराळा मॉनिटर घेण्याचें कारण नाहीं. एका चांगल्या केबलवर काम भागतें. संच जुना बत्तीस इंची असेल, तर तो सर्वांनीं मिळून नकाशा किंवा उतारा पाहण्यापुरता वापरावा. लेखनासाठीं चोवीस इंची साधा मॉनिटर घेणें डोळ्यांच्या दृष्टीनें स्वस्त पडतें. आणि संच उत्तम असूनही तो घरांत एकुलता एक असेल, तर प्रथम घरच्यांनीं एकत्र बसून वेळ वांटून घ्यावी, आणि ती वांटणी आजोबांपासून सर्वांनीं पाळावी. सायंकाळचे दोन तास अभ्यासाचे ठरले, तर ते पाहुणे आले म्हणून किंवा सामना आहे म्हणून मोडूं नयेत. तेवढें बंधन ज्या घरास पाळवणार नाहीं असें वाटेल, त्यानें काटकसरीचें नांव न घेतां मुलीसाठीं वेगळा लहान मॉनिटर आणावा. पडद्याचे बिंदु मोजतां येतात, अंतर मोजतां येतें; अभ्यासाचा गेलेला तास मात्र कोणत्याही केबलनें परत आणतां येत नाहीं.